मान वळत नाही

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक निवृत्त पोस्टमन, हात गळ्यात बांधलेला, आणि त्यांची बायको.

"तुमची मान वळत नाही म्हणून आठ वर्षं मी सायकलच्या कॅरिअरवर उलटं तोंड करून बसतेय. मागून ट्रक आला की ट्रक सांगते, बस आली की बस. कधी चुकले?"

"नाही चुकलीस."

"मग पुढे उभा असलेला दुधाचा टेम्पो तुम्हाला दिसू नये?"

"तू म्हणालीस, मागून तुझी धाकटी बहीण स्कूटर चालवत येतेय."

"येतच होती."

"अगं, तिला ब्रेक कुठे असतो तेसुद्धा माहीत नाही! घाबरून मागे वळून बघितलं मी."

"वळून? म्हणजे मान वळली?"

"कट् असा आवाज आला आणि वळली."

"अगं बाई! आणि आता?"

"आताही वळते. दोन्हीकडे."

"सुटले बाई एकदाची! उद्यापासून जा तुमचे तुम्ही एकटे."

तेवढ्यात नर्सने हाक मारली, "आजोबा, फक्त हातच दाखवायचाय ना?"

"हात आहेच. पण जरा मानेचंही बघा. अजिबात वळत नाही."