एका विहिरीत दोनदा औषध

अहो, पटकीच्या साथीत सोलापुरात मदतीला माणसं कमी नव्हती, उलट जास्तच झाली होती. नगरपालिकेची माणसं, गिरणीच्या दवाखान्यातले कंपाउंडर आणि आम्ही स्वयंसेवक. सगळ्यांचा मेळ घालायचं काम माझ्याकडं होतं, आणि मी ते एका सभेत उरकलंही होतं.

दुसऱ्या दिवशी विणकरांच्या वस्तीतल्या विहिरीत लाल औषध टाकायला मी ऐटीत गेलो. काठावर गंगव्वा म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, "तू कितवा?"

"म्हणजे?"

"सकाळी नगरपालिकेचा टाकून गेला. मग गिरणीचा आला, त्यानंबी टाकलं. आता पानी बग की!"

पाणी गर्द जांभळं झालं होतं. शेजारचा विणकर म्हणाला, "अजून एक पुडी टाका साहेब, लुगडी हितंच रंगवतो."

मी हसलो. गंगव्वा हसली नाही. "आन् पलीकडच्या गल्लीत कोन गेलं? तितं दोगं आजारी हायती."

तिकडं कुणीच गेलं नव्हतं. दुसरा गेला असेल, असं प्रत्येक जण धरून चालला होता. पुडी घेऊन मी पळतच सुटलो. तिथल्या विहिरीत ती टाकली आणि गिरणीच्या डॉक्टरांनाही बोलावून आणलं. दोघंही वाचले.

त्या दिवसापासून कुठं जायचं ते आम्ही सगळेच गंगव्वाला विचारू लागलो. नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरांना मोठं नवल वाटलं. त्यांनी विचारलं, "आजी, एवढं सगळं ध्यानात राहतं, तुम्हाला लिहिता-वाचता येतं का?"

"न्हाय की," गंगव्वा म्हणाली, "म्हनून तर मी मान्सांना इचारती."