साठ पेट्या

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरून आम्हाला तिसरा आठवडा लागला होता. सफरचंदाच्या बागेत दारूगोळ्याचं कोठार होतं. तिथे मी ट्रक घेऊन रांगेत उभा होतो. माझ्या पुढे एक नवा कॉर्पोरल होता आणि पेट्या वाटणारा सार्जंट ड्वायर त्याला न्याहाळत होता.

“तोफगोळ्यांच्या किती पेट्या?”

“साठ.”

“म्हणजे तीस लागणार.”

“नाही सार्जंट, साठच लागणार.”

“सगळे दुप्पट मागतात, म्हणून मी निम्म्या देतो. तू काय नवलाचा?”

“मी मोजून आलोय. आमच्याकडे एकही उरलेली नाही.”

“असले भोळ्या चेहऱ्याचेच ताडपत्रीखाली लपवतात.”

“चला, दाखवतो.”

“मी तिकडे गेलो की इथल्या पेट्यांना पाय फुटतील.”

“तीस पेट्या संध्याकाळपर्यंतही पुरणार नाहीत हो!”

“तुमचा तो म्हातारा सार्जंटही हेच रडगाणं गायचा. आज तुला का पाठवलं त्याने?”

“काल गेले ते.”

“गेला? का त्यालाही ताडपत्रीखाली लपवलंस?”

“ताडपत्रीखालीच आहेत, सार्जंट.”

“...तीस घे आणि निघ. चला, पुढचा! तुला किती रे?”

मला चाळीस हव्या होत्या.

“ऐंशी,” मी म्हणालो.