सुतार आलाय

करवत खाली ठेवा आधी! खाली म्हणजे जमिनीवर — त्या खोडाला टेकवून नव्हे! हे पाडायचं नाहीये. वाळलेलं आहे, दिसतंय मला, डोळे आहेत अजून. मुलानं पाठवलंय ना तुम्हाला? वाटलंच. काल मी फोनवर त्याला काय म्हटलं — ‘सुतार आलाय, आईला सांग.’ त्यानं काय ऐकलं — सुतार हवाय! झालं. आईला सांगायचं राहिलं बाजूलाच, पाठवलं तुम्हाला. बापाचं एक वाक्य पुरतं ऐकायला नको. वर बघा. त्या भोकाकडे. कीड नाही ती, घर आहे — सुतार पक्ष्याचं! लाल तुरा, सोनेरी पाठ, उद्या आत पिल्लं होतील, आणि तुम्ही निघालात करवत चालवायला.

हसताय काय? आमच्याकडे सुतार म्हणजे हाच. तुम्ही नव्हे — राग मानू नका. मी नोकरीत होतो तेव्हा बायको ऑफिसात फोन करायची, ‘सुतार आलाय’ — एवढंच. मी साहेबांकडे जायचो, साहेब म्हणायचे, पळा, परत हाती लागायचा नाही. बारा वर्षं! त्यांना वाटत असणार, यांच्या घराचं एक दार धड लागत नाही. धापा टाकत यायचो, तर ही स्वयंपाकघराच्या खिडकीत, तोंडावर बोट ठेवून उभी. कॅमेरा तयार.

मग मोठी लेन्स घेतली, आणि मला परसातला पुरेना. या जंगलात, त्या डोंगरात — काळा सुतार, ठिपक्यांचा सुतार. दोन वर्षांपूर्वी असाच दूर कुठेतरी दबा धरून बसलो होतो, तर हिचा फोन. ‘सुतार आलाय.’ आणि मी — मी हो! — म्हणालो, ‘मग दार दाखव त्याला, मला कशाला विचारतेस?’ ठेवून दिला फोन. तुमच्यासारखा सुतार समजलो मी! मग तिनं फोटो पाठवला. अर्धा अंगठाच आलेला, कोपऱ्यात एक लाल ठिपका. स्वतः काढला होता, जन्मात पहिल्यांदा. मी काय उत्तर दिलं? सांगू? ‘फोकस चुकलाय.’

आठ दिवसांनी आलो तर किल्ली शेजारी ठेवलेली. तेव्हापासून ही मुलाकडे राहते. पक्षीही फिरकला नाही तो, कालपर्यंत.

तुम्हाला का सांगतोय मी हे? तुमचा काय संबंध? उचला ती करवत. आणि थांबा — फोन आहे ना तुमच्याकडे? हा तिचा नंबर. तुमच्याच फोनवरून लावा, माझा उचलत नाही ती. बाकी चकार शब्द बोलायचा नाही. म्हणायचं, ‘सुतार आलाय.’ अहो, तुम्ही आलात हे कळतंय मला! तेवढंच म्हणा. तिला कळेल कोणता ते.

लागला? वाजतोय?

शू.