खंडेनवमीचा नारळ

अणुवीज केंद्रात लई कडक तपासणी आसती म्हनता ना? ऐका मग. मी तिथं एका ठेकेदाराकडं वेल्डर हाय. थंड पाण्याच्या मोठ्या पंपाचा जोड त्यानं आमच्याकडून घाईत दुरुस्त करून घेतला, आन त्यातून थेंब थेंब पाणी गळायलं. मी म्हनलं, "मालक, पुन्हा खोलावं लागंल."

"उद्या तपासणीचे साहेब यायलेत. गप ऱ्हा."

उद्या म्हंजी खंडेनवमी. मालकानं सकाळीच पंपाची पूजा मांडली आन नेमका त्या जोडावर झेंडूचा जाड हार घातला.

साहेब आले. म्हनले, "जोड दाखवा."

"साहेब, आजच्या दिवशी पूजेचा हार कसा काढावा?"

साहेबानं बूट काढले, हात जोडले. तेवढ्यात हारातून पाणी टपकलं.

"हे काय?"

"आत्ताच नारळ फोडला, साहेब."

साहेबानं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आन काम पास करून गेले.

दसरा झाला, पंप चालू झाला. हार वाळून गेला, पाणी तसंच. मी म्हनलं, "मालक, आजून गळायलंय. खाली रोज आम्हीच उभे ऱ्हाताव."

मालकानं पंपाला हात जोडले. म्हनला, "जा, आजून एक नारळ आण."