टिकाऊ जातीची फुलं

आई : ...म्हणून मी ऑफिसात सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं. साखर चिमूटभर, व्हिनेगर दोन थेंब आणि एक दिवसाआड देठ तिरका कापायचा. फूल मरायचं नाव घेत नाही.

बाबा : नाव तर खरंच घेत नाही.

आई : तुझी पक्कड कुठंय?

बाबा : पक्कड कशाला?

आई : देठ कापायला. कात्री चालत नाही. या वेळचे देठ भारी चिवट निघालेत.

बाबा : अगं, पण कापशील तरी किती? आधी उंच बरणीत होती, मग पेल्यात आली. आता गोट्याच्या खोकल्याच्या औषधाच्या झाकणात येऊन बसलीत. अजून एकदा कापलंस तर नुसती मुंडकी उरतील.

आई : उंचीचं काय घेऊन बसलास? टवटवी बघ. आमच्या मोठ्या बाईंची जरबेरा दोन दिवसांत माना टाकतात. हेच पाणी, हीच साखर. म्हणून तर त्या स्वतः येताहेत पाच वाजता, माझी फुलं बघायला.

बाबा : स्वतः? म्हणजे हात लावून बघतील?

आई : अरे, लिफ्ट कंपनीची अख्खी कंट्रोल रूम चालवतात त्या. हात लावून खात्री केल्याशिवाय स्वतःच्या खुर्चीतही बसत नाहीत.

बाबा : त्यांना कळवू या, गोट्याला कांजिण्या आल्यात.

आई : गोट्याला काही आलेलं नाही, तो आत घोरतोय. तुला काय झालंय? सकाळपासून मांजरासारखा घुटमळतोयस.

भिंगरी : आई, माझं पुसून झालं. टीव्ही पुसला, खुर्च्या पुसल्या, पंख्याची बटणं पुसली. आता फुलांवरची धूळ पुसू?

बाबा : भिंगरी, तू आत जा आणि गोट्या श्वास घेतोय का बघून ये.

भिंगरी : आत्ताच बघितलं. घेतोय.

बाबा : परत बघ. मधे मधे विसरतो तो.

आई : थांब गं. कसली धूळ?

भिंगरी : ही बघ, बोटाला आली. मागे एकदा मी ओल्या फडक्यानं पुसली होती. परत बसली.

आई : फुलांवर धूळ बसते?

बाबा : या जातीवर बसते. टिकाऊ जात आहे म्हणतात.

आई : कोण म्हणतं?

बाबा : जाणकार.

आई : दे बघू ते फूल इकडे. ...अरे, याच्या खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलंय. ‘आगीपासून दूर ठेवा.’

भिंगरी : माझ्या बाहुलीच्या पाठीवर पण तेच लिहिलंय.

आई : ही प्लास्टिकची आहेत.

भिंगरी : सगळं प्लास्टिक नाही. पाकळ्या कापडाच्या आहेत. देठ प्लास्टिकचा, आत तार.

आई : तुला माहीत होतं?

भिंगरी : सगळ्यांना माहीत होतं. गोट्याला पण. म्हणून तर तो ही खात नाही.

आई : ‘ही’ खात नाही? मग खाल्ली कुठली?

बाबा : तू आधी खाली बस.

आई : मी उभीच बरी आहे. बोल.

बाबा : तो शनिवार आठवतोय? सगळ्या शहराची वीज गेली होती आणि गावभर लिफ्ट अडकल्या होत्या? तुला दुपारच्या जोडीला रात्रीचीही ड्यूटी लागली होती?

आई : विसरेन कशी? फोन ठेवायला उसंत नव्हती.

बाबा : त्या दुपारी मी सोफ्यावर जरा टेकलो.

भिंगरी : घोरत होता.

बाबा : टेकून घोरत होतो. तेवढ्यात गोट्या खुर्चीवर चढला आणि तू सकाळी आणलेली फुलं त्यानं खाल्ली. सगळी. देठ तेवढे शिस्तीत बाजूला ठेवले होते, शेवग्याच्या शेंगा चघळून ठेवतात तसे.

आई : आणि हे मला आज सांगतोयस!

बाबा : लगेच डॉक्टरांना फोन केला ना! ते म्हणाले, जरबेरानं काही होत नाही, पण पोराला वेळेवर जेवायला घालत जा.

आई : मग खरी आणायची होतीस दुसरी.

बाबा : फुलवाल्या मावशी उठून गेल्या होत्या. खेळण्यांच्या दुकानात ही मिळाली. एका रात्रीपुरती आणली गं. सकाळी सांगणारच होतो.

आई : मग सकाळ कुठं अडली?

बाबा : त्याआधी तू आलीस. पायातल्या चपलाही काढल्या नाहीस. सरळ यांच्यासमोर जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘निदान तुम्ही तरी ताजी आहात.’ आणि हसलीस. त्या अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदा. आता त्यावर मी काय म्हणू? ‘हसू आवर, कापड आहे?’

आई : पण तू चष्म्याच्या दुकानात बसतोस! दिवसभर लोकांना विचारतोस, आता दिसतं का, आता दिसतं का. आणि घरी बायकोला प्लास्टिक दिसेना, तर गप्प?

बाबा : गप्प कुठं? दुकानात बोलावून डोळे तपासले ना तुझे!

आई : त्यासाठी होतं ते?

बाबा : मग काय. तू सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचलीस. त्याच्याखाली तक्ता छापणाऱ्याचं नाव होतं, तेही वाचलंस.

आई : म्हणजे डोळे ठणठणीत.

बाबा : तेव्हा तर माझी झोपच उडाली. नंबर निघाला असता तर चष्मा दिला असता. माणूस दमल्यामुळे दिसेनासं झालं, तर त्याला कुठली काच बसवायची?

भिंगरी : बाबा, आईचे खांदे हलताहेत.

बाबा : हसतेय बहुतेक.

भिंगरी : बहुतेक म्हणजे?

बाबा : म्हणजे ती पक्कड जरा लांब नेऊन ठेव.

आई : अरे देवा! पाणी बदलताना मी त्यांना ‘जरा गार आहे हं’ असं सांगायचे!

भिंगरी : साखरेला मुंग्या पण यायच्या. त्यांनाही वाटलं खरी आहेत.

आई : चला, मुंग्यांची तरी सोबत झाली मला. आणि ती तार! मला वाटलं, या जातीत लोह जास्त असेल.

बाबा : हे ऑफिसात नाही ना बोललीस?

आई : बोलले. मोठ्या बाई तेव्हापासून फुलांच्या पाण्यात लोहाची गोळी टाकताहेत.

बाबा : आणि फुलं?

आई : ती आता दुसऱ्याच दिवशी मरतात. ...थांब. एक मिनिट. म्हणजे त्या शनिवारपासून मी फुलं आणायला गेलेच नाही.

बाबा : जायची गरजच पडली नाही. तेवढाच तुला आराम.

आई : कसला आराम? माझी चूल विझवलीस आणि म्हणतोस धूर कमी झाला!

बाबा : आता मी काय केलं?

आई : अरे, फुलं मरायची म्हणून मला जाता यायचं! ‘कुठं निघालीस, कशाला निघालीस’ असं कुणी विचारत नव्हतं. फुलं मेली, आणायलाच हवीत, विषय संपला. पिशवी घ्यायची आणि एकटीनं कोपऱ्यापर्यंत चालत जायचं. मावशींनी बादल्या मांडलेल्या असायच्या, त्यांच्यासमोर नुसतं उभं राहायचं. त्या स्वतः काही बोलत नाहीत आणि मलाही बोलायला लावत नाहीत. लाल घ्यावीत की पिवळी? आठवड्याभरात तो एकच प्रश्न असतो, ज्याचं उत्तर चुकलं तरी कुणी कुठं अडकून पडत नाही.

बाबा : हे तू कधी बोलली नाहीस.

आई : मलाच आत्ता कळतंय. तरी म्हटलं, मी हल्ली एवढी करवादते का. परवा लिफ्टमध्ये अडकलेल्या एका माणसाचा फोन आला. ‘मॅडम, मी एकटाच आहे हो इथं,’ म्हणून ओरडत होता. मी काय म्हणाले माहितीय?

बाबा : घाबरू नका, मदत निघाली आहे?

आई : म्हणाले, ‘दार बंद आहे, दिवा चालू आहे, कुणी हाक मारत नाही, खाली बसायला जागा आहे. तुमची नेमकी तक्रार काय?’

बाबा : बाप रे! मग?

आई : म्हणाला, ‘खरंच की.’ मेकॅनिक पोचला तर हा आतून म्हणतो, घाई नाही, आधी दुसरीकडचं आटपून या.

भिंगरी : आई, पाच वाजायला आले.

बाबा : हे बघ, माझ्याकडे एक योजना आहे. घरात चोर आले.

आई : आणि?

बाबा : आणि फक्त फुलं नेली. जाणकार चोर.

आई : पुढची योजना?

बाबा : बाईंना रिकामं झाकण दाखवू आणि म्हणू, गोट्यानं आत्ताच खाल्ली. पोरगं तसंही बदनाम आहे.

आई : पिशवी दे.

बाबा : तू कुठं? तू बस, मी पळत जाऊन आणतो. बाई यायच्या आत खरी फुलं झाकणात हजर करतो.

आई : तू आणायची नाहीत. माझी फुलं मी आणणार.

बाबा : आणि बाई? तुझ्या साहेब आहेत त्या! त्यांना मी काय सांगू?

आई : त्यांना बसव, पाणी दे. पुढचं बघू.

भिंगरी : आई, मी येऊ?

आई : नको.

भिंगरी : रागावून नको?

आई : नाही गं राणी. नुसतंच नको.

(थोड्या वेळानं, फोनवर.)

बाबा : हॅलो, अगं, बाई आल्या. फूल हातात घेऊन बसल्यात. चष्मा लावला, काढला, परत लावला. तीन वर्षांपूर्वीचा नंबर असणार. म्हणतात, ‘देठ काय ताठ आहे!’ आणि विचारताहेत, लोहाची गोळी अख्खी टाकायची की अर्धी? काय सांगू?

आई : खरं सांग.

बाबा : सगळं? गोट्यासकट?

आई : गोट्यासकट. आणि माझ्यासकट. म्हणावं, तुमच्या कंट्रोल रूममधली सगळ्यात सावध बाई गेले कित्येक दिवस कापडाला पाणी घालत होती.

बाबा : सोमवारी ऑफिसात हसतील गं तुला.

आई : हसू देत. मीही हसलेच की.

बाबा : तुला नक्की चालेल ना? नाहीतर तो चोर अजून... थांब. राहू दे. भिंगरीनं सगळं सांगितलं, मावशींच्या बादल्यांसकट. बाईंना फुलाखालचं वाचून दाखवतेय.

आई : बाई काय म्हणतात?

बाबा : फूल उलटं धरून बघताहेत. ...आता हसायला लागल्या. अगं, केवढ्यानं हसतात या! गोट्या उठला. आता तोही हसतोय, त्याला काय कळलं कुणास ठाऊक. ...हां, बोला बाई. ...हो, तिथंच गेलीय. ...अगं, त्या विचारताहेत, दुकान कुठं आहे? त्या पण येते म्हणतात तिकडे, आत्ता. त्यांच्या घरी चार माणसं आणि दोन कुत्री आहेत, म्हणून बाईंनाही एकटीनं बादल्यांसमोर उभं राहायचंय म्हणे.

आई : नको.

बाबा : नको? अगं, मोठ्या बाई आहेत!

आई : पत्ता दे त्यांना. पण म्हणावं, उद्या जा. आज इथं मी आहे.

बाबा : हे मी त्यांच्या तोंडावर सांगू?

आई : गिऱ्हाइकाला ‘नंबर वाढलाय’ म्हणून कसं सांगतोस? तसं सांग.

बाबा : ...सांगितलं.

आई : रागावल्या?

बाबा : नाही. म्हणाल्या, बरोबर आहे तिचं, मी उद्या जाते. आणि म्हणाल्या, उद्या तिला येऊ देऊ नका.

आई : शहाण्या आहेत बाई.

बाबा : बरं, तू घेतलीस का फुलं?

आई : नाही अजून.

बाबा : मग एवढा वेळ करतेस काय?

आई : बघतेय.