नदी तोंडपाठ असलेला नावाडी

अरे, अठ्ठ्याण्णव साली मी आणि दिलीपनं कयाकमधनं पंचगंगेतून थेट नरसोबाच्या वाडीला जायचं ठरवलं. माहिती काढायला चिखलीच्या एका म्हाताऱ्या नावाड्याला गाठलं. आम्ही पसरलेल्या नकाशाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून तासभर भोवरे आणि वळणं सांगत बसला.

मी थक्क होऊन विचारलं, "काका, किती वेळा गेलाय?"

"एकदाच. धाकटा भाऊ पुरात वाहून गेलता. दोन दिस एकेक वळण धुंडाळत गेलतो."

दिलीपनं हळूच विचारलं, "घावला?"

"व्हय की. बाभळीच्या शेंड्याला मिठी मारून बसलता."

तेवढ्यात मागच्या कट्ट्यावर बसलेला दुसरा म्हातारा बोलला, "दादा येणार म्हणूनच झाड सोडलं न्हाय, पावणं."