लिंबाची फांदी

इंटरनेटला शिव्या देताय, म्हणून आठवलं. तेव्हा इंटरनेट नवंच होतं. माझा मुलगा पुण्याहून कॉम्प्युटर घेऊन महिनाभर धुळ्याला घरी आला होता. फोनच्या तारेवरूनच ऑफिसचं काम करायचा. वारा सुटला की लाईन तुटायची. मग तो चिडून बाहेर यायचा, ओट्यावर माझ्याजवळ बसायचा. "आबा, चहा टाका," म्हणायचा. चहा संपला तरी आम्ही बोलत राहायचो. त्याची आई गेल्यापासून घरात एवढं बोलणं झालंच नव्हतं.

शेवटी त्याने लाईनमन बोलावला. तो दारातल्या कडुलिंबाकडे वर बघून म्हणाला, "आबा, बठ्ठा दोष या लिंबनी फांदीना शे. वारामा तारले घासस. तोडी टाकू का?"

मुलगा खिडकीतून बघत होता. मी म्हटलं, "तोडी टाक, भाऊ."

मग लाईन तुटली नाही. जायच्या दिवसापर्यंत मुलगा खोलीतच होता. चहा मी आत नेऊन ठेवायचो, तो गार व्हायचा.

तो गेल्यावर मी त्या लिंबाला रोज बादलीभर पाणी घालू लागलो. एकदा लाईनमनने जाता जाता सायकल थांबवली. "आबा, इतला मोठा झाडले पाणी कसाले?"

"दिवाळीले पोऱ्या येई," मी म्हटलं. "तोवर फांदी वाढाले पाहिजे."